तीन शेवटांचा पिक्चर

३ जून, मंगळवार

आजपासून पुन्हा लिहायला घेतलंय. ज्याच्याशी भांडायचं तो नुसता हसतो. मग ते भांडण कुठेतरी ठेवायला नको?

इरशादच्या पिक्चरचं एडिटिंग घेतलं तेव्हा वाटलं होतं, एवढ्या वर्षांनी खरं काम हाताला लागलं. मुंबईत मालिका कापल्या. दोह्यात आल्यापासून कंपन्यांचे सेफ्टी व्हिडिओ आणि लोकांची लग्नं. हा युद्धपट. नव्वद सालचं कुवेत. इराकी फौज आत शिरली आणि आपली कोकणातली माणसं मिळेल त्या बसनं बसरा, बगदाद करत जॉर्डनमध्ये अम्मानला पोचली, त्याची गोष्ट. नाव ‘अम्मानचा रस्ता’. हिरो कमाल नावाचा बस ड्रायव्हर. इरशादचे अब्बा कमालच, आणि ड्रायव्हरच. बायकोला आणि पोराला जॉर्डनच्या हद्दीवर उतरवून उरलेल्या माणसांना आणायला ते बस घेऊन परत फिरले, ते आलेच नाहीत. इरशाद तेव्हा पाच वर्षांचा होता.

अशा गोष्टीचा पिक्चर कसा असेल असं कुणालाही वाटेल? तर पहिल्या सीनमध्ये दोन माणसं सुरमई कशी तळावी यावर वाद घालतात, आणि मागच्या खिडकीतून रणगाडे जातात. वाद संपतच नाही. मग पिवळ्या जाड अक्षरांत ‘प्रकरण दुसरं’. मग बस चेकपोस्टवर थांबते, तर एकदम काउबॉय पिक्चर सुरू. वारा, धूळ, डोळ्यांचे क्लोजअप, कुठूनतरी शीळ. पुढच्या चेकपोस्टवर इराकी अधिकारी टीव्हीवरच्या क्विझसारखे प्रश्न विचारतो आणि बरोबर उत्तराला घंटा वाजते. वाळवंटात गाणं आहे. नाचणाऱ्या मुलींच्या तोंडाला गॅसचे मास्क. मधूनमधून एक न्यूजरीडर अगदी गंभीर चेहऱ्यानं खोट्या बातम्या देतो.

आणि शेवट तीन. एकात कमाल घोड्यावर बसून अम्मानच्या विमानतळावर येतो. दुसऱ्यात तो बगदादला खानावळ काढून गातो. तिसऱ्यात तो एकटा अख्खी फौज माघारी पाठवतो आणि युद्ध होतच नाही.

सख्ख्या बापाची ही गोष्ट. मला रात्री नीट झोप येत नाही, ती या पिक्चरमुळेच.

७ जून, शनिवार

काल ईद झाली. आज अल दुहैलला इरशादकडे गेलो. त्याचं लग्न मोडल्यापासून मायलेक दोघंच राहतात. त्याच्या आईनं, सुमैयाखालांनी, सांदण केलं होतं. माझ्या नवऱ्यानं, अश्फाकनं, पोटभर खाल्लं, लेकीनं, माहिरानं, फोनमध्ये डोकं घालून खाल्लं.

स्वयंपाकघरात मी विचारलं, “खाला, पिक्चर पाहिलात का? थोडा तरी?”

“मना काय बघायचाय गो? मी त्याच बसमध्ये व्हती.” खालांच्या तोंडात ळ येत नाही, लच येतो. “लोक म्हणतात त्यानं बापाला नाचवलाय. नाचवू दे. माझे डोले काय ते बघायला वर येत नायत.”

मला बरं वाटलं. म्हणजे मी एकटीच नाही.

परत येताना गाडीत अश्फाक म्हणाला, “पासपोर्ट कुठे ठेवलेत? माहिराचा कधीपर्यंत आहे?” ऑगस्टच्या सुट्टीचं आतापासून मनावर घेतलंय त्यानं. एरवी तिकिटाची आठवण मलाच करावी लागते.

१० जून, मंगळवार

आमची एडिटिंगची खोली नजम्यात आहे. खाली कॅफेटेरिया, वर आम्ही. खिडकी उघडली की करक चहाचा वास आणि बसस्टॉपवरच्या माणसांचा गलका आत येतो, म्हणून बंद ठेवतो. बाहेर भट्टी पेटलीय. आत एसीनं बोटं आखडतात.

आज सरळ विचारलं. “इरशाद, चेकपोस्टवर माणसं मरतात. तुझ्या चेकपोस्टवर क्विझ चाललीय.”

“क्विझच असते आपा. बरोबर उत्तर दिलं तर बस पुढे जाते.”

“आणि ती शीळ? कुवेतला काउबॉय कुठून आले?”

“काय माहीत. मला तिथे तेच दिसतात.”

मग त्यानं मला समजावलं. पोस्टमॉडर्न म्हणतात म्हणे याला. लंडनला फिल्म स्कूलमध्ये दोन वर्षं हेच शिकला. जुन्या पिक्चरांचे तुकडे घ्यायचे, डाकूंचे, काउबॉयचे, नाचगाण्याचे. ते एकमेकांना चिकटवायचे आणि सांधा मुद्दाम दिसू द्यायचा. युद्ध कसं होतं ते नाही, आपल्यापर्यंत ते कशाकशातून येतं ते दाखवायचं.

मी म्हटलं, “सांधा दिसला की लोक एडिटरला शिव्या देतात.”

हसला. मग मी शेवटाचं काढलं. फिल्म महोत्सवाला जूनअखेर पाठवायचाय, तीनातला एक निवड.

“निवडतो. उद्या.”

रमजानपासून त्याचा उद्या चाललाय. आज मला वाटलं, हा आळशी आहे. इतका हुशार माणूस, पण एक गोष्ट धड संपवायची म्हटलं की याला घाम फुटतो.

१४ जून, शनिवार

काल पहाटे इस्रायलनं इराणवर हल्ला केला. अश्फाकनं कालपासून टीव्ही बंद केलेला नाही. तो पोर्टवर आहे, मालाच्या जहाजांचं बघतो, त्यामुळे फोन सारखा वाजतो. शेजारची मंडळी सुट्टीसाठी केरळला निघाली होती, त्यांचं विमान दुसरीकडून वळवलं. एवढंच. बाकी आमचं अबू हमूर आहे तसंच. मॉलमध्ये तीच गर्दी, पार्किंगसाठी तीच मारामारी.

पण जीव लागत नाही कशात. दुपारी किचनची सगळी कपाटं रिकामी केली आणि परत भरली. मग एकटीच नजम्याला गेले.

तिथे एक काम सुरू केलंय. इरशादला सांगितलेलं नाही. त्याच्याच शूटिंगमधून मी माझा पिक्चर कापतेय. सरळ. आधी काय झालं ते आधी, नंतरचं नंतर. शीळ नाही, घंटा नाही, नाच नाही. माणसं, बस, ऊन, भीती.

१८ जून, बुधवार

झाला. चांगला झालाय. मी स्वतःचं कौतुक सहसा करत नाही, पण चांगला झालाय. शेवटी बस परत फिरते, पडदा काळा होतो आणि अक्षरं येतात: ‘त्यानंतर कमाल यांचा ठावठिकाणा लागला नाही.’

माहिराला अर्धा तास दाखवला. तिचं वय चौदा, मत द्यायला उतावीळ. “इट्स सॅड, मम्मा.” मग विचार करून, “बट नॉर्मल सॅड. लाइक न्यूज.”

“न्यूज वाईट असते का?”

खांदे उडवून गेली. मराठी सगळं समजतं तिला, बोलायचं म्हटलं की तोंड शिवल्यासारखी.

अश्फाकनं दोन नवीन सूटकेस आणल्या. सेल होता का म्हणून विचारलं तर हो म्हणाला. दोनच का, तर म्हणे दोनच चांगल्या होत्या.

२० जून, शुक्रवार

जुम्यानंतर इरशादला बोलावून माझा पिक्चर दाखवला. ओरडेल असं धरून चालले होते. काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं.

त्यानं जागचा न हलता पाहिला. संपल्यावर म्हणाला, “छान आहे आपा. असंच झालं असेल.”

“असेल म्हणजे? तू होतास ना तिथे?”

“मला त्यातलं काही आठवत नाही. पाच वर्षांचा होतो.” मग, “अब्बा परत फिरतात तिथे तू काळं केलंस.”

“दुसरं काय करणार?”

“बरोबर आहे. दुसरं काय करणार.”

करक घेऊन येतो म्हणून खाली गेला. बराच वेळ झाला तरी येईना. शेवटी कॅफेटेरियावाला एकच ग्लास घेऊन वर आला. साहेब चहा सांगून गाडीत बसून गेले म्हणाला. फोन बंद.

भांडण मी जिंकले. घरी आले, जेवण गेलं नाही. फ्रीज घासला.

२२ जून, रविवार

सकाळी बातमी आली, अमेरिकेनं इराणवर बॉम्ब टाकले. अश्फाक पोर्टवरून लवकर आला आणि गच्चीत जाऊन उन्हात उभा राहिला. मी हाक मारली तर म्हणाला, “रत्नागिरीच्या घराचं पाण्याचं कनेक्शन झालं का, अब्बांना विचारायचं होतं.” मला हसू आलं. जगात काय चाललंय आणि याला नळ सुचतोय.

संध्याकाळी इरशादचा फोन. आवाज अगदी सरळ. “आपा, तुझाच पाठवू या. उद्या अम्मीला घेऊन येतो. तिला खरं बघू दे.”

मी हो म्हटलं. आनंद व्हायला हवा होता.

२४ जून, मंगळवार, सकाळ

काल संध्याकाळचं लिहून काढते. नाहीतर दिवसभर तेच डोक्यात फिरत राहील.

माहिराला ट्यूशनवरून घेऊन परस्पर नजम्याला गेले होते. सुमैयाखाला आधीच येऊन बसल्या होत्या, मांडीवर पर्स. मगरीबची नमाज तिथेच पढल्या. मग मी माझा पिक्चर लावला. इरशाद मागे उभा.

मधेच लक्षात आलं, कसलाच आवाज नाही. नजम्यावरून विमानं सारखी जातात, इतकी की कान त्यांना सोडून देतात. ती बंद होती. इरशादनं फोन बघून सांगितलं, आकाश बंद केलंय, सगळी विमानं थांबवलीत. मी म्हटलं, खबरदारी म्हणून असेल. पिक्चर चालू ठेवला.

खाला एकदाही पडद्यावरून डोळे न हलवता बघत होत्या. चेकपोस्टचा सीन आला. माणसं उन्हात ओळीनं उभी, अधिकारी एकेकाची कागदपत्रं फेकतोय. खाला म्हणाल्या, “असाच व्हता. अगदी असाच.” मी इरशादकडे बघितलं. मला वाटलं, बघ.

मग खाला म्हणाल्या, “पण तो खय हाय यात?”

मी पडद्यावर बोट ठेवलं. “हा काय खाला. हा कमाल.”

“हा ड्रायव्हर हाय,” खाला म्हणाल्या. “मी कमालला इचारतंय.”

तेवढ्यात धमाका झाला. आधी वाटलं, पिक्चरमधलाच आहे, आणि मी आवाज कमी करायला हात पुढे केला. खिडकीची काच थरथरली. दुसरा. तिसरा. इरशादनं खिडकी उघडली. खाली सगळा रस्ता बाहेर आला होता, सगळ्यांचे फोन वर. आकाशात नारिंगी ठिपके चढत होते, एकदम फुटत होते आणि आवाज मागून येत होता. कुणीतरी हिंदीत ओरडलं, मिसाइल है, मिसाइल.

माहिरा माझ्याजवळ होती, मग नव्हती. टेबलाखाली गेली होती. दोन्ही हात कानांवर आणि तोंडातून नुसता हूं हूं आवाज. मी वाकून काहीतरी बोलत होते, काय ते आठवत नाही. अश्फाकला फोन लावत होते, लागत नव्हता. पोर्ट कुठे, हे कुठे पडतंय, काहीच कळत नव्हतं.

खाला उठल्या. गुडघे धरून सावकाश खाली बसल्या आणि टेबलाखाली सरकून माहिराच्या शेजारी टेकल्या. साठीच्या पुढची बाई.

“बाय, ऐक,” म्हणाल्या. “हा प्रकरण दुसरा हाय. पहिला झाला, त्यात लोक मासे तलत व्हते. आता डाकू आलेत. आवाज ऐकलास? तो त्यांचा घोडा हाय. डाकूंचा घोडा लय दमलेला, म्हणून असा पादतो.”

माहिराचं हूं हूं थांबलं.

आणखी एक धमाका. खालांनी तोंडानं घंटा वाजवली. “टिंग! बरोबर उत्तर! आता साहेब दुसरा सवाल इचारणार. रत्नागिरीचा हापूस मोठा का देवगडचा? चुकलीस तर बस थांबली. सांग.”

माहिरानं एका कानावरचा हात काढला. मग अगदी बारीक आवाजात, “रत्नागिरीचा.”

“टिंग!”

आणि खालांनी शीळ घातली. या वयात, दात नाहीत पुढचे दोन, तरी शीळ घातली, लांब, वाळवंटातली. मग न्यूजरीडरसारखा आवाज काढून बातमी दिली की आज दोह्यात सगळे डाकू वाट चुकून हमामात शिरले. माहिरा रडत होती आणि हसत होती. “मग?” म्हणाली. “मग काय झालं, खाला?” मराठीत.

मला आश्चर्य वाटलं. बघायचा नाही, बघायचा नाही म्हणतात आणि इरशादचा पिक्चर खालांना पाठ आहे. कधी चोरून पाहिला असेल? इरशादला विचारणार होते, पण तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता आणि त्याचा चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडे बघितलं. घाबरला असेल.

मग सगळं थांबलं. थोड्या वेळानं अश्फाकचा फोन लागला. घरी पोचल्यावर त्यानं आम्हा दोघींना दारातच धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. इराणनं कतारमधल्या अमेरिकन तळावर मिसाइलं सोडली होती, कुणाला काही झालेलं नाही म्हणतात. आज सकाळी युद्धबंदीची बातमी आहे. विमानं पुन्हा सुरू झालीत, प्रत्येक विमानाला माहिरा खिडकीत जाऊन बघून येते.

२५ जून, बुधवार

अश्फाकनं तिकिटं काढलीत. चार जुलैची. दोन.

“तुम्ही दोघी पुढे व्हा,” म्हणाला. “घराची डागडुजी झालीय, पाणी आलंय. माहिराला तिकडच्या शाळेत घालता येईल, मी विचारून ठेवलंय. इथलं आटोपून मी मागून येतो.”

“कधी?”

“येतो ना. पोर्ट सोडून असं एकदम निघता येत नाही. माझ्या हाताखाली माणसं आहेत, ती तरी कुठे जातील?”

काहीच वाईट बोलला नाही. सगळं काळजीचंच. तरी मला एवढा संताप आला की हातातला वाडगा मी सिंकमध्ये आपटला. त्याच्या प्रेमावर कुणाला संशय आहे? मग मला कशाचा राग आला, मला अजून कळत नाही. सूटकेस दोनच का आणल्या ते मात्र कळलं. किती दिवस हा एकटाच हे पोटात घेऊन फिरत होता, आणि मी त्याच्या नळावर हसत होते.

रात्री दोघं एकमेकांकडे पाठ करून झोपलो.

२७ जून, शुक्रवार

इरशाद नजम्यात माझ्याआधी येऊन बसला होता. मी म्हटलं, “खालांनी पिक्चर पाहिला आणि आपल्याला सांगितलं नाही.”

“तिनं पाहिलेला नाही, आपा.”

“मग ते सगळं? मासे, घंटा, शीळ?”

मग त्यानं सांगितलं. माझ्या अंगावर काटा आला तो आत्ता लिहिताना पुन्हा आला.

सोमवारी घरी गेल्यावर त्यानं आईला विचारलं. खाला म्हणाल्या, तुझा बापच. कुवेतपासून जॉर्डनपर्यंत तो बस चालवत चालवत पोरांना पिक्चर सांगत होता. गावात आणि कुवेतला मिळून जेवढे पाहिले होते तेवढे सगळे एकात एक घालून. पुढे चेकपोस्ट दिसली की म्हणायचा, आता डाकूंचा अड्डा, कुणी आवाज करायचा नाही, फक्त हिरो शीळ घालणार. बाया रडायला लागल्या की गाणं. पाणी संपलं तेव्हा खोट्या बातम्या, की पुढच्या वळणावर सरबताची नदी आहे. इरशाद इंजिनच्या उंचवट्यावर त्याच्या शेजारीच बसला होता.

“मला वाटत होतं हे मी लंडनला शिकलो,” इरशाद म्हणाला. “सगळ्यांना तेच सांगत आलो. तिथल्या मास्तरांनी मला शाबासकी दिली, आपा. म्हणाले, तुझी स्वतःची स्टाइल आहे.” हसायला गेला, ते जमलं नाही.

मी खुर्ची ओढली आणि त्याचा पिक्चर पहिल्यापासून उघडला. आठ तास काम केलं. सांधे दिसू दिले, पण आता एकेक सांधा कुठे हवा ते मला दिसत होतं. शीळ येते तिथे आता इंजिनच्या उंचवट्यावर बसलेल्या पोराचा चेहरा आहे. ते शॉट्स त्यानं काढून ठेवले होते, वापरले कुठेच नव्हते.

महोत्सवाची तारीख आता गाठता येणार नाही. जाऊ दे म्हणाला.

१ जुलै, मंगळवार

तीन शेवटांवर अडलोय. इरशाद म्हणतो एकही काढवत नाही. एक काढला की अब्बा मेले. मी पहिल्यांदाच त्याच्याशी वाद घातला नाही. म्हटलं, तिन्ही ठेव. एकामागून एक. बापानं पोराला सांगितले असते तसेच, हा आवडला नाही तर हा घे. आणि तिन्ही संपले की परत जॉर्डनच्या हद्दीवर ये, आणि बस वळताना दाखव. दिवसाउजेडी. काळं नको, अक्षरं नकोत.

“ते तू आधी केलं होतंस.”

“मी काळं केलं होतं.”

जुने शॉट्स धुंडाळताना एक सापडला. बस वळवण्याआधी कमालचं काम करणारा नट खिडकीतून मान बाहेर काढतो आणि एक शब्द बोलतो. स्क्रिप्टमध्ये नव्हता, त्याच्या तोंडून असाच गेला होता. तो शॉट घेतला.

४ जुलै, शुक्रवार

विमान सकाळचं होतं. गेलो नाही.

काल अश्फाकच्या समोर बसले आणि सांगितलं, “जायचं तर तिघं जाऊ. राहायचं तर तिघं. तू मागून येणार नाहीस.”

“मी येईन गं.”

“तुझ्या मनात यायचं आहे हे मला माहीत आहे. सगळ्यांच्याच मनात असतं.” आणि मग मी त्याला कमालचाचांचं सगळं सांगितलं, बस, घंटा, सरबताची नदी. सांगता सांगताच मला कळलं की त्या दिवशी वाडगा का आपटला.

अश्फाकनं टीव्ही बंद केला. “सोमवारी पोर्टवर आम्ही कंटेनरच्या आड बसलो होतो,” म्हणाला. “तुला सांगितलं नाही.”

माहिरा दारात उभी होती, कधीपासून कोण जाणे. “डॅडा नाही तर मी पण नाही,” म्हणाली, आणि फ्रीजमधून ज्यूस घेऊन निघून गेली.

ऑगस्टमध्ये त्याची सुट्टी मंजूर झाली की तिघं जाऊ, महिनाभर. पुढचं पुढे. भीती गेलेली नाही. कुठे दार आपटलं तरी तिघंही दचकतो.

११ जुलै, शुक्रवार

आज जुम्यानंतर इरशादच्या घरी खालांना पिक्चर दाखवला. आम्ही तिघंच. दिवाणखान्याचे पडदे ओढून घेतले.

सुरमईच्या वादाला खाला हसल्या. रणगाड्यांकडे बघितलंही नाही. “तो हलद जास्त घालायचा, त्यावरून भांडायचा,” म्हणाल्या. पहिली शीळ आली तेव्हा त्यांनी ओढणी तोंडावर धरली. क्विझमध्ये उत्तरं त्याच आधी देत होत्या. गॅसच्या मास्कवाल्या मुली नाचायला लागल्या तेव्हा म्हणाल्या, “ह्यो त्याला लय आवडला असता.” घोड्यावरचा शेवट, खानावळीचा, फौज माघारी जाते तो. तिन्हींना मान डोलावत होत्या, पोरानं शाळेत काढलेली चित्रं दाखवावीत तशा.

मग हद्दीवरची बस आली. ऊन. वळायला जागा कमी म्हणून मागेपुढे करणारी बस. नटानं खिडकीतून मान बाहेर काढली आणि म्हणाला, “येतो.”

“या,” खाला म्हणाल्या.

सोफ्यावरून, अगदी साध्या आवाजात, घरातून कुणी बाजारात निघताना म्हणतात तसं. बस लहान होत गेली. पिक्चर संपला तरी इरशादनं पडदे उघडले नाहीत.

खालाच बोलल्या. “त्या दिवशी मी पाण्याच्या रांगेत व्हती. तू रडत व्हतास. तो येतो म्हणाला, ता मी ऐकला. पण रांग सुटंल म्हणून वलले नाय, काय बोलले नाय. म्हटला, येतोच तर हाय.”

इरशाद त्यांच्या पायाशी बसला होता.

“बरा केलास पिक्चर,” त्या म्हणाल्या. आणि मग, “इरशाद, आता त्याची फातेहा करूया.”

पस्तीस वर्षांत कमालचाचांची फातेहा, मेलेल्या माणसासाठीची दुवा आणि जेवण, कधी झाली नव्हती. जाणारा येणार असेल तर त्याच्या नावानं फातेहा कशी करणार? खालांनी करू दिली नव्हती. वडीलधारे सांगून थकले होते, हे मला माझ्या सासूनं सांगितलं होतं.

इरशादनं वर बघितलं. “कुठल्या दिवशी करायची, अम्मी? तारीख कुठे माहीत आहे?”

खालांनी विचार केला. खरंच विचार केला, कपाळाला आठ्या घालून.

“तू ठरव,” म्हणाल्या. “शेवट काय करायचा ता तुझा काम.”

तो माझ्याकडे बघायला लागला. मी मान खाली घातली. हे कापून देणं माझ्या हातात नव्हतं.

“आज,” इरशाद म्हणाला. “आजच करू.”

खाला उठल्या, गुडघे धरून. आत जाऊन तांदूळ भिजत घातले. मी कांदे चिरायला घेतले. इरशाद मटण आणायला गाडीची चावी शोधत घरभर फिरत होता, आणि चावी त्याच्या हातातच होती.

मी अश्फाकला फोन केला, माहिराला घेऊन इकडेच ये, जेवण इथे आहे.

“कसलं जेवण?” त्यानं विचारलं.

“कमालचाचांचं,” मी म्हटलं.